दारापुढील कुंपण आणि शेजारधर्म

शास्त्रपाठ : उत्पत्ति २६:१७-३१, रोमकरांस पत्र १२:१८

गुरें शिरून भाजीचे वाफे तुडवितात, म्हणून ख्रिस्ती गृहस्थ अंगणापुढें काट्यांचें कुंपण घालतो. त्यांत पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु शेजारी कुरकुरतात, "हे ख्रिस्ती झाले; आतां आमचें येणेंही ह्यांस नको." अशा वेळीं काय करावें?

इसहाकाकडे पाहूं या. गरारच्या गुराख्यांनीं दोन विहिरींवरून भांडण केलें. त्यांस त्यानें एसेक व सितना, म्हणजे कलह व वैर, हीं नांवें दिलीं आणि पुढें जाऊन तिसरी खणली. तिजवरून तंटा झाला नाहीं. ती रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा. हक्क सोडून इसहाक दुबळा ठरला नाहीं. परमेश्वर त्याच्याबरोबर आहे हें पाहून अबीमलेख स्वतः सलोखा करावयास आला, व इसहाकानें त्यास जेवूं घातलें.

यावरून तीन गोष्टी शिकूं या :

१. हद्दीची खूण बोटभरही सरकवूं नये (अनुवाद १९:१४).

२. पाणवठ्याची जुनी वाट अडत असेल, तर आपलें कुंपण हातभर आंत घ्यावें.

३. खुंट रोवण्यापूर्वीं शेजाऱ्याच्या दारीं जाऊन हेतु सांगावा.

इतकें करूनही राग राहिला, तर कुंपण राहूं द्यावें. पण कवाड उघडून त्यास आंत बोलावीत जावें.

विचारार्थ प्रश्न : आपल्या कुंपणानें गुरें अडलीं, कीं माणसें?