मोबाईलवरचं शिक्षण आणि त्यातली नोकरी



"पोरगा कॉम्प्युटर शिकलाय, आता लर्निंग टेक्नॉलॉजीत जातो म्हणतो. हे नेमकं काय काम?" ऊसनोंदीला गट ऑफिसात आलेल्या दोघा-तिघा सभासदांनी अशी विचारणा केली. म्हणून या अंकात त्याचा थोडा अभ्यास करू. हा पेशा इंग्लंडात चांगला रुजला आहे, तेव्हा उदाहरण तिकडचंच घेतो.

तिकडे सोळाव्या वर्षी शाळा संपली की बरीच मुलं 'फर्दर एज्युकेशन' कॉलेजात जातात. आपल्या आय.टी.आय.शी त्याचं पुष्कळ साम्य. गवंडीकाम, प्लंबिंग, मोटारदुरुस्ती तिथं शिकवतात. उमेदवारी करणारा मुलगा पुष्कळदा आठवड्यातून एखादाच दिवस कॉलेजात येतो, बाकीचे दिवस कामावर. अडचण इथंच आहे. पोरानं पाईपाचा सांधा नीट जोडला की नाही, हे मास्तरांना कळायचं कसं? तोवर भिंतीला प्लास्टर होऊन सांधा आत गेलेला! अशा ठिकाणी मोबाईल उपयोगी पडतो. पोरानं सांध्याचा फोटो काढायचा, असं का केलं ते बोलून रेकॉर्ड करायचं, मास्तरांनी बघून चूक दाखवायची. परीक्षेला पुरावाही तोच.

2001 ते 2004 या काळात युरोपीय संघाच्या मदतीनं ब्रिटन, इटली व स्वीडनमध्ये शिक्षण सुटलेल्या तरुणांना मोबाईलवर वाचन-लेखन आणि हिशेब शिकवण्याचा प्रयोग झाला. पुढे 2007 ते 2010 इंग्लंडात 'मोलनेट' योजना चालली. सरकारी पैसा आणि कॉलेजांचा वाटा मिळून सुमारे 40 हजार विद्यार्थ्यांपर्यंत ती पोचली. खिशातले छोटे संगणक, फोन, अगदी खेळायची यंत्रंसुद्धा वापरली. त्यातली बहुतेक यंत्रं आज कुणी हातात धरणार नाही. नुसतं यंत्र शिकलेल्या माणसाचंही तसंच होतं. आणि अनुदानावर बेतलेली जागा अनुदानाबरोबर जाते, हे उपसा सिंचन चालवणाऱ्या आपल्या लोकांना सांगायला नको.

म्हणून काम नीट समजून घ्यावं. हा माणूस दिवसभर यंत्रापाशी बसत नाही. वीस वर्षं गवंडीकाम शिकवलेल्या मास्तरांकडं जाऊन तो विचारतो, "पोरं अडतात कुठं?" त्या अडचणीपुरतं साधन शोधतो. रेंज नसलेल्या जागी ते चालेल का? ज्याचा फोन जुना त्यानं काय करायचं? फोटोत गिऱ्हाइकाचं घर दिसतं, त्याची परवानगी घेतली का? शिवाय मास्तर एखादा तिरसट निघतो, फोनला हात लावत नाही. त्याला पटवणं हेच निम्मं काम, असं आमचं मत.

ब्रिटनमधली या लोकांची संघटना 1993 साली निघाली. तिचं 'सी-माल्ट' प्रमाणपत्र प्रश्नपत्रिका सोडवून मिळत नाही. आपण काय केलं, का केलं, फसलं कुठं, याची पुराव्यासह नोंद द्यावी लागते.

तेव्हा कोर्सची फी भरण्याआधी तिथं एवढं विचारा, की यात शिकवण्याचा सराव मिळतो का. नुसती सॉफ्टवेअरची यादी पुढं केली तर घरी या.

आपल्या पॅनवर उमेदवारांचीही तीच गत आहे. जुना पॅनमन काचेवर नमुना घेऊन दाणा ओळखतो, पण शिकायला हंगामाचे मोजकेच महिने. येत्या गळितात दाण्याचे फोटो आणि पॅनमनचं बोलणं मोबाईलवर टिपून बघायचा आमचा विचार आहे. या कामात रस असलेल्या सभासदांच्या मुला-मुलींनी गट ऑफिसात नाव द्यावं. मोबाईल स्वतःचा आणावा, साधा चालेल, फोटो निघाला म्हणजे झालं.