सेंड दाबण्याआधी...

आपल्या मालवणात गजालींना काही तोटा नाही. बंदरावर, एस.टी. स्टँडवर, मासळीच्या लिलावाला, कुठेही दोन माणसं भेटली की गजाल सुरू! एकाने सांगायचं, दुसऱ्याने त्यात मीठमसाला घालायचा. पण या गजालीला दोन लगाम होते. सांगणारा माणूस समोर असायचा, आणि ऐकणारे फार तर दहा-पंधरा जण. "कोणी सांगल्यान तुका?" असं कोणी विचारलं की निम्मी गजाल तिथेच विरघळायची. मोबाइलवर हे दोन्ही लगाम सुटले. सांगणारा दिसत नाही आणि ऐकणारे किती, ते मोजता येत नाही.

आपल्याला ओएसआय मॉडेलचे सातही लेअर तोंडपाठ असतात. नेटवर्कवाले गमतीने म्हणतात की आठवा लेअर म्हणजे स्वतः माणूस. त्याच्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही, पण सगळ्यात जास्त बिघाड तिथेच होतो. म्हणून हा छोटासा अभ्यास, आठव्या लेअरचा.

धडा पहिला : राईनपाडा

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. गावोगाव फिरून भिक्षा मागणं हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं. त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याकडचे. त्या दिवसांत "मुलं पळवणारी टोळी आली आहे" असे मेसेज मोबाइलवर फिरत होते. अनोळखी माणसं दिसली, संशय आला, जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारहाण झाली आणि पाचही जण मेले. ते मुलं पळवणारे नव्हतेच.

त्या वर्षी अशाच अफवांबरोबर एक व्हिडिओ क्लिप देशभर फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, अशी ती क्लिप. मुळात ती कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली फिल्म होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. कोणीतरी तेवढा शेवट कापला आणि बाकीची क्लिप खरी म्हणून पाठवली. म्हणजे क्लिप एडिट करायला फार हुशारी लागली नाही, फक्त शेवटचे काही सेकंद काढले!

आता विचार करा. तो मेसेज पुढे पाठवणारे बहुतेक लोक वाईट नव्हते. आपल्या मुलांच्या काळजीपोटीच त्यांनी तो पाठवला असणार. "खरं-खोटं माहीत नाही, पण सावध असलेलं बरं" हे वाक्य आपल्या घरच्या ग्रुपवरही येतं ना? तेच सगळ्यात धोक्याचं आहे. आपल्या वाडीतही नंदीबैलवाले येतात, भिक्षेकरी येतात, बांधकामावर परप्रांतातले कामगार येतात. अनोळखी असणं हा गुन्हा नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने "फॉरवर्डेड" अशी खूण सुरू केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. २०२० मध्ये, खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. मेसेजवर दोन बाण दिसले तर समजा की तो पुष्कळ हातांतून आलेला आहे. पण सॉफ्टवेअर फक्त वेग कमी करतं, विचार आपल्यालाच करावा लागतो.

धडा दुसरा : आयपी ॲड्रेस म्हणजे माणूस नव्हे

२००७ सालची गोष्ट. तेव्हा ऑर्कुटचा जमाना होता. छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर ऑर्कुटवर आला आणि पुणे पोलिसांनी आयपी ॲड्रेसवरून माग काढत बंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर इंजिनीअरला अटक केली. त्याला सुमारे ५० दिवस तुरुंगात काढावे लागले. नंतर कळलं की तो ॲड्रेस त्याचा नव्हताच! इंटरनेट कंपनीने दिलेली माहिती चुकीची होती.

असं कसं होऊ शकतं? आपल्यापैकी बहुतेकांचा आयपी ॲड्रेस कायमचा नसतो. कंपनी एकच ॲड्रेस आज एकाला, उद्या दुसऱ्याला देते. त्यामुळे नुसता नंबर कळून उपयोग नाही, तारीख, वेळ आणि टाइम झोनही अचूक लागतो. मोबाइल नेटवर्कवर तर एकाच वेळी अनेक ग्राहक एकच पब्लिक ॲड्रेस वापरतात, म्हणून पोर्ट नंबरही लागतो. यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, "मी कोण ते कोणाला कळणार?" हा भ्रम आहे, मागे खुणा राहतातच. दोन, स्क्रीनशॉट बघून लगेच "हाच तो!" म्हणून कोणाचं नाव-फोटो फिरवू नका. पूर्ण यंत्रणा हाताशी असूनही चूक होते, तिथे आपण कोण?

धडा तिसरा : आदर म्हणजे गप्प बसणं नव्हे

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्याबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारणारी पोस्ट एका मुलीने लिहिली, दुसरीने ती लाइक केली, आणि पालघरमध्ये दोघींना अटक झाली. वय आपल्याएवढंच. देशभर चर्चा झाली. पुढे २४ मार्च २०१५ रोजी सुप्रीम कोर्टाने आयटी ॲक्टचं ६६ अ हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं.

म्हणजे मत मांडणं हा आपला हक्क आहे. वाद जरूर घाला! पण मुद्द्याशी वाद घाला, माणसाच्या दिसण्याशी, जातीशी, घराशी नको. आणि सगळा कायदा काही रद्द झालेला नाही. दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं (६६ क), कॉम्प्युटरवरून तोतयेगिरी करून फसवणं (६६ ड), कोणाच्या शरीराचे खाजगी फोटो संमतीशिवाय काढणं किंवा पाठवणं (६६ इ), या सगळ्यांना तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. गॅदरिंगनंतर मुलींचे फोटो क्रॉप करून "गंमत" म्हणून ग्रुपवर टाकणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की अशा गमतीमुळे एखादीचं कॉलेज सुटतं. घरचे म्हणतात, "पुरे झालं शिक्षण." फोटो टाकणाऱ्याचं मात्र पुढचं सेमिस्टर सुरू राहतं.

धडा चौथा : आपल्या घरची गोष्ट

तारकर्ली, देवबाग, मालवण इथे घरोघरी होमस्टे आहेत आणि बुकिंग फोनवर होतं. "मी ॲडव्हान्स पाठवतोय, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. तसंच "डिजिटल अरेस्ट" नावाचा प्रकार कायद्यात नाही. खरे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करून पैसे मागत नाहीत. आपल्याला हे माहीत असतं, पण आईला, आजोबांना, शेजारच्या काकींना सांगतं कोण? ते काम आपलं!

एवढं पाठ करूया :

१. मेसेज आला की विचारा, मुळात कोणी सांगितलं? उत्तर नसेल तर मेसेज आपल्यापाशीच थांबवा.
२. दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय टाकू नका. "नाही" म्हणजे नाही.
३. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड ठेवा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, ओटीपी कोणालाही सांगू नका.
४. पैसे गेले तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.
५. कोणी त्रास देत असेल तर डिलीट करण्याआधी स्क्रीनशॉट ठेवा आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा.
६. ग्रुपवर कोणाची टर उडवली जात असेल तर निदान हसणारी स्मायली टाकू नका. जमलं तर "पुरे" एवढंच लिहा.

राईनपाड्याच्या त्याच दिवसांत मालेगावातही अशाच अफवेने जमाव जमला होता. तिथे पोलीस आणि काही स्थानिक लोक मध्ये पडले आणि माणसं वाचली. अफवा तीच, मोबाइल तेच, फरक पडला तो मध्ये उभं राहणाऱ्यांमुळे. आपल्या ग्रुपवर मध्ये उभं राहायला लाठी लागत नाही, "हे खरं आहे का?" एवढा एक प्रश्न पुरतो. तो विचारायला लाजू नका.