सेल्फ फिरतो, पण गाडी घेत नाही? आधी धूर बघा

मंडळी, मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या विणीचा काळ. तेवढे दोन महिने मासेमारी बंद, आणि आपली जुनी डिझेल पिकअपही दारात पावसात उभी. मग पहिल्याच पहाटे भोपाळच्या बड्या तलावावरची रोहू-कटला बर्फात भरून तयार असते, चावी फिरवली की सेल्फ घर्र घर्र फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. इकडे बर्फ वितळतोय, तिकडे बाजार कुणासाठी थांबत नाही. अशा वेळी माणूस नुसता सेल्फ मारत बसतो. नेमकं तेच करायचं नाही.

सुरुवात अशी करा

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये एक मिनिट थांबा. नाहीतर सेल्फ जळतो आणि बॅटरीही बसते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. इंजिन रडत-रडत फिरत असेल तर हवा पुरेशी तापतच नाही. म्हणून आवाज जड वाटला तर आधी बॅटरीचे टर्मिनल घासून घट्ट करा किंवा दुसऱ्या बॅटरीची जोड द्या.

याउलट इंजिन नेहमीपेक्षा फारच हलकं, सुळकन फिरतंय असं वाटलं तर लगेच थांबा. टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. आणखी सेल्फ माराल तर व्हॉल्व्ह वाकतील. तिथे मिस्त्रीच हवा.

फिरणं नेहमीसारखं आहे? मग एकाने चावी धरा, दुसऱ्याने सायलेन्सरमागे उभं राहा.

धूर अजिबात नाही: डिझेल पोचत नाही

१. टाकी. जुन्या गाडीचा काटा खोटं बोलतो. काठी घालून बघा किंवा ५ लिटर ओता.

२. इंजिन बंद करायची व्यवस्था. ओढायची केबल असेल तर ती पूर्ण आत गेलीय का ते पाहा. चावीने बंद होणारी गाडी असेल तर चावी ऑन केल्यावर डिझेल पंपाजवळ 'टक' असा आवाज यायला हवा. नाही आला तर फ्यूज आणि वायर तपासा. उभ्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात.

३. पाणी. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी जमतं. ते डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाला बसतं. फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या. खाली वेगळा थर दिसला तर निव्वळ डिझेल येईपर्यंत पाणी काढा.

४. हवा. होडीच्या डिझेल इंजिनाची एअर काढणाऱ्याला हे नवं नाही. फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन फेरे सैल करा आणि हातपंप दाबत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे. सलग धार लागली की स्क्रू आवळा. डिझेल पंपावरच्या स्क्रूलाही तसंच करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा धरली तर पाइपाला कुठेतरी चीर आहे किंवा क्लिप सैल आहे.

सांडणारं डिझेल डब्यात धरा. बड्या तलावाचं पाणी भोपाळ पितं, आणि आपली मासळीही त्यातच वाढते.

एक इशारा: कॉमन रेल इंजिन असेल तर नोझलकडे जाणाऱ्या पाइपांना पाना लावू नका. तिथला दाब इतका असतो की बारीक धारही कातडी फाडून आत शिरते.

पांढरा धूर: डिझेल पोचतं, पण पेटत नाही

ही तक्रार जानेवारीतली. भोपाळात पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. इंजिनाला हीटर प्लग असतील तर डॅशबोर्डवरचा कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबूनच सेल्फ मारा. फरक पडला नाही तर प्लग तपासा. प्लगची वायर काढा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं प्लगच्या टोकाला लावा. दिवा लागला नाही तर तो प्लग गेला. सगळे प्लग ठीक असतील तर रिले आणि फ्यूज बघा. तेही ठीक असेल तर कॉम्प्रेशन किंवा टायमिंगचा प्रश्न, म्हणजे मिस्त्रीचं काम.

हीटर प्लगच्या गाडीत झटपट स्टार्टचा स्प्रे किंवा पेट्रोल मारू नका. तापलेल्या प्लगवर भडका उडतो, इंजिन फुटतं, तोंडही भाजतं.

काळा धूर: हवा कमी पडते

एअर फिल्टर उघडा. धुळीने गच्च भरलेला असेल, नाहीतर उंदराने घर केलेलं असेल.

घड्याळ लावा

एवढ्या तपासणीला अर्धा तास द्या. सुरू झाली तर उत्तम, नाहीतर दुसरी गाडी बोलवा. तोवर पेट्या सावलीत, ओल्या गोणपाटाखाली, झाकण न उघडता ठेवा. गाडी उद्याही दुरुस्त होईल, आजची मासळी उद्या ताजी राहणार नाही.

गाडी उभी करण्याआधी

टाकी भरून ठेवा, म्हणजे पाणी जमायला जागा उरत नाही. बॅटरीची मायनस वायर काढा. दर पंधरा दिवसांनी ती जोडून इंजिन २० मिनिटं चालवा. उन्हाळ्यात डब्यात भरून ठेवलेलं डिझेल थंडीत वापरू नका. हिवाळ्याचं डिझेल वेगळं येतं, उन्हाळ्याचं थंडीत दाटतं आणि फिल्टर चोंदवतं.

कोकणातल्या मंडळींनो, तुमची पावसाळी बंदी १ जूनला सुरू होते. उभ्या गाडीचे आणि शाकारलेल्या होडीच्या इंजिनाचे नियम तेच. ही पोस्ट आपल्या ड्रायव्हरलाही वाचून दाखवा.