चोविसाव्या खंडात मी हसलो होतो

मंडळाच्या वाचनबैठकीत मी यंदा मांगावर बोलणार म्हटल्यावर दोघातिघांनी विचारलं, "म्हणजे ती कार्टूनं?" हो, तीच. उजवीकडून डावीकडे वाचायची जपानी चित्रकथा. बैठकीत जे बोललो तेच इथे थोडं नीट करून लिहितो आहे. ज्यांना 'वन पीस' वाचायचं आहे आणि पुढचं आधी कळलेलं चालत नाही, त्यांनी इथेच थांबावं.

एइचिरो ओडा यांची ही मालिका १९९७ पासून चालू आहे आणि शंभराहून जास्त खंड झाले आहेत. मी मित्राकडून इंग्रजी अनुवादाचे खंड आणून सुट्टीत सलग वाचले. माझा प्रश्न एकाच पात्राबद्दल आहे : निको रॉबिन. तेराव्या खंडात ती शत्रूच्या गोटातली बाई म्हणून येते, चोविसाव्यात अचानक नायकाच्या, म्हणजे लुफीच्या जहाजावर राहायला येते आणि एक्केचाळिसाव्या खंडात तिचं बालपण आपल्याला कळतं. ते वाचताना मी रडलो. हे कबूल करायला बैठकीत जड गेलं, इथे सोपं जातंय.

बालपण थोडक्यात असं. ओहारा नावाचं बेट, मध्यभागी प्रचंड झाड आणि त्या झाडाच्या पोटात जगभरातली पुस्तकं. तिथले अभ्यासक चोरून एक प्राचीन लिपी वाचतात. ती वाचायला जागतिक सरकारची बंदी आहे, कारण त्या शिलालेखांत इतिहासाची पुसून टाकलेली शंभर वर्षं आहेत. रॉबिन आठ वर्षांची. आई ऑल्विया संशोधनासाठी समुद्रावर गेलेली, मामीकडे घरकाम करून राहायचं आणि अंगावर कुठेही हात उगवू शकतात म्हणून मुलं भूत म्हणणार. त्याच वयात ती परीक्षा देऊन अभ्यासक होते. मग सरकारला सुगावा लागतो. दहा युद्धनौका येतात आणि बेट जाळून टाकतात. सामान्य लोक ज्या जहाजातून निघालेले असतात तेही बुडवलं जातं. झाड पेटलेलं असताना आतले म्हातारे अभ्यासक पळून जात नाहीत. पुस्तकं उचलून खिडकीतून खालच्या तळ्यात फेकत राहतात. मला सगळ्यात जास्त हलवलं ते या चित्राने. पळायला वेळ नाही हे कळल्यावर माणूस काय करतो, तर पुस्तक भिजलं तरी चालेल पण जळू नये एवढं बघतो.

रॉबिन एकटी वाचते. तिच्या डोक्यावर ७ कोटी ९० लाख बेरींचं इनाम लागतं, वर सहा युद्धनौका तिनेच बुडवल्या हा खोटा आरोप. वय आठ.

आता अभ्यासाचा मुद्दा. करुण रसाबद्दल आपण वर्गात शिकतो : स्थायीभाव शोक, मग विभाव, अनुभाव वगैरे. त्या हिशेबाने मला वाटलं, एवढी भयंकर घटना आहे म्हणजे शोक होणारच. म्हणून तपासायला मागे गेलो. चोविसावा खंड पुन्हा उघडला आणि गारच पडलो.

तिथे रॉबिन जहाजावर आल्यावर उसॉप तिची पोलिसासारखी चौकशी करतो. धंदा काय? ती सांगते, पुरातत्त्वाची अभ्यासक. पुढे शांतपणे सांगते की आठव्या वर्षी अभ्यासक झाले, मग लगेच फरार गुन्हेगार, आणि गेली वीस वर्षं सरकारपासून लपत जगले. लहान मूल एकटं कसं जगलं? वाईट लोकांच्या हाताखाली काम करून. खास कौशल्य? खून. उसॉप घाबरून ओरडतो की ही बाई फार धोकादायक आहे! आणि तिकडे लुफी नि चॉपर तिने उगवलेल्या हातांशी खेळण्यात दंग. नामी हिऱ्यामाणकांच्या लाचेवर केव्हाच खूश झालेली. सगळं पान विनोदी आहे. मी पहिल्यांदा वाचताना हसलो होतो, नक्की आठवतंय.

त्याच प्रकरणात ती लुफीला असंही म्हणते की मला मरायचं होतं, तू मला वाचवलंस हा तुझा अपराध. तेही मी 'काय ऐट आहे' म्हणून पुढे गेलो.

म्हणजे सगळी माहिती सतरा खंड आधीच दिलेली होती. लपवलेलं जवळजवळ काहीच नाही. मग तेव्हा शोक का झाला नाही?

एक उत्तर तंत्राचं आहे. मांगात भूतकाळ सुरू झाला की पुष्कळदा चौकटींमधली पांढरी जागा काळी होते, आपोआप आपला आवाज खाली येतो. चौकशीच्या पानावर तसं काही नाही. लहान रॉबिन दिसत नाही, नुसतं वाक्य आहे, आणि वाक्याभोवती गोंधळ. पण एवढ्यावर माझं समाधान होत नाही. मला वाटतं खरी गोम अनुभावात आहे. शोकाचे अनुभाव म्हणजे अश्रू, निःश्वास हे आपण पाठ केलेलं असतं. रॉबिनचा अनुभाव उलटा आहे : ती हसते. सौल नावाचा राक्षसी उंचीचा माणूस तिला ओहाराच्या किनाऱ्यावर भेटलेला असतो. दुःख असेल तेव्हा हसायचं, हे त्याने तिला शिकवलेलं. बेट जळताना तिला निसटता यावं म्हणून तो मागे थांबतो, आणि ती एकटी होडीत बसून रडत रडत त्याच्यासारखं विचित्र हसून बघते. (पुढे २०२२ मध्ये कळतं की सौल जिवंत आहे. काही वाचकांना ही फसवणूक वाटली. मला नाही वाटली. त्या होडीतल्या मुलीला ते ठाऊक नव्हतं.) हे कळल्यावर तिचं आधीचं प्रत्येक शांत स्मित बदलतं. ओडांनी चित्र बदललेलं नाही, तेच खंड तसेच आहेत.

आता जे बैठकीत बोललो नाही ते.

अकरावी-बारावीला मी होस्टेलला होतो. दिवाळीच्या सुट्टीला सगळे पिशव्या भरत होते आणि खोलीतला एकजण पलंगावर आरामात पडलेला. "काय रे, जाणार नाहीस?" तर म्हणाला, "आमच्या घराला कुलूप आहे, ते घर बघतंय, मी मेस बघतो." सगळे खो खो हसलो. मीच त्याला 'मेसचा जावई' हे नाव पाडलं आणि ते दोन वर्षं चाललं. तोही हसायचा, सगळ्यांत मोठ्याने तोच. बारावी संपता संपता दुसऱ्याच कुणाकडून कळलं की आदल्या उन्हाळ्यात त्याची आई गेली होती, वडील कामासाठी बाहेरगावी, आणि घर खरोखरच बंद होतं. त्याने अक्षरशः खरं सांगितलं होतं. मीच ते विनोदाच्या पानावर वाचलं.

रॉबिनची गोष्ट ज्या जागी येते तीही बघण्यासारखी आहे. सोबती समोरच्या छतावर उभे आहेत, ती पलीकडून म्हणते आहे की मला मरायचंय, परत जा. तिथे गोष्ट थांबते आणि ओहारा सुरू होतं. ओहारा संपल्यावर लुफी तिची समजूत काढत बसत नाही. त्याच्या सांगण्यावरून उसॉप सरकारचा झेंडा जाळतो, म्हणजे तुझा शत्रू तो आमचा शत्रू. आणि लुफी तिला एकच सांगतो, जगायचं आहे असं तू स्वतःच्या तोंडाने म्हण. तेव्हा ती पहिल्यांदा न हसता रडते.

मेसचा जावई हल्ली पुण्यात असतो. हा लेख अंकाला देण्याआधी त्याला वाचायला पाठवला आणि विचारलं, छापू का? त्याचं उत्तर आलं : "छाप. नाव चांगलं होतं पण." खाली हसण्याची तीन चिन्हं होती. मी फोन केला.