भाड्याचे घर की मालकीचे?

धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे रोजगारासाठी सुरतेत स्थायिक झाली आहेत. भुसावळ–सुरत लोहमार्गाने खानदेश या शहराशी जोडला गेला आणि यंत्रमाग, रंगाईचे कारखाने व कापडबाजार यांच्या आश्रयाने लिंबायत, उधना, पर्वत पाटिया या भागांत मराठी वस्ती वाढली. वस्तीबरोबर घरभाडेही वाढत गेले. ‘भाडे फुकट जाते, त्यापेक्षा हप्ता बरा’ असे सर्रास बोलले जाते. हे म्हणणे कितपत खरे आहे, हे हिशेबानेच ठरविणे इष्ट होय.

हिशेब कसा करावा?

समजा, घराची किंमत २० लक्ष रुपये आहे. त्यांपैकी ५ लक्ष पदरचे आणि १५ लक्ष कर्जाचे. व्याजदर ९ टक्के व मुदत २० वर्षे धरल्यास मासिक हप्ता सुमारे १३,५०० रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील ११,२५० रुपये व्याजापोटी जातात. मुद्दल फिटते ते जेमतेम २,२५० रुपये. मुदतीअखेर एकूण व्याज १७ लक्षांहून अधिक होते. म्हणजे आरंभीच्या वर्षांत हप्त्याचाही मोठा भाग भाड्याप्रमाणेच खर्ची पडतो.

तशाच घराचे भाडे आज ६,००० रुपये असेल व ते दरवर्षी १० टक्क्यांनी वाढले, तर दहाव्या वर्षी ते हप्त्याहून अधिक होईल. वाढ ५ टक्के असेल, तर त्यास अठरावे वर्ष उजाडेल. शिवाय गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के व नोंदणी फी १ टक्का आहे. वरील घरासाठी हा खर्च १ लक्ष १८ हजार रुपये होतो. खरेदी स्त्रीच्या नावे असल्यास नोंदणी फी माफ आहे.

यावरून असे दिसते की, चार-पाच वर्षांत गावी परतावयाचे असेल त्याने भाड्याने राहणे हिताचे. मुलांचे शिक्षण पुरे होईपर्यंत शहरातच राहणार असेल त्याने खरेदीचा विचार करावा. मात्र कापडधंद्यात मंदी आली तरी हप्ता थांबत नाही. म्हणून सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी शिल्लक बाजूस असल्याखेरीज कर्ज काढू नये.

गावाकडील घराचा प्रश्न

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० ही योजना १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाली. तीत पात्र कुटुंबास व्याजापोटी १ लक्ष ८० हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. परंतु पती, पत्नी व अविवाहित मुले यांपैकी कोणाच्याही नावे देशात कोठेही पक्के घर नसावे, अशी अट आहे. गावी स्वतःच्या नावे पक्के घर असलेल्या कुटुंबाने हे साहाय्य गृहीत धरून व्यवहार करू नये.

कागदपत्रे व जागा

शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. केवळ कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार करारनाम्याची नोंदणी होण्यापूर्वी बांधकाम व्यावसायिकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. जमीन बिनशेती आहे किंवा नाही, हेही पाहून घ्यावे.

जागेची परीक्षा पावसाळ्यात करावी. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुराने सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला होता. पर्वत पाटिया परिसरात खाडीचे पाणी चढण्याचा अनुभव त्यानंतरही आला आहे. तळमजल्याचे घर स्वस्त का मिळते, याचे उत्तर शेजाऱ्यांकडे मिळते.

भाडेकरूनेही लेखी करार करावा व अनामत रकमेची पावती घ्यावी. भाड्याने राहण्यात कमीपणा नाही आणि मालकीतही आपोआप लाभ नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला घराच्या बाबतीत विशेष खरा आहे. कारण येथे चूक सुधारण्यास वीस वर्षे लागतात.