पसायदान आणि विश्वराज्य

नर्सीस नामदेवरायांच्या मंदिरात पसायदानावर निरूपण झाले. कीर्तन आटोपल्यावर एक शिकलेला तरुण पाया पडून म्हणाला, "महाराज, माउलींनी मागितले ते खरे व्हायचे तर सगळ्या पृथ्वीचे एकच सरकार पाहिजे. एक कायदा, एक सैन्य. मग लढणार कोण आणि कोणाशी?" प्रश्न चांगला. 'कलियुग आहे बाबा' म्हणून त्याला वाटेला लावणे मला प्रशस्त वाटले नाही.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली राष्ट्रसंघ निघाला. त्याला दुसरे महायुद्ध टाळता आले नाही. मग १९४५ साली ५१ राष्ट्रांनी संयुक्त राष्ट्रसंघ स्थापिला. आज त्याचे १९३ सभासद आहेत. देवीचा रोग पृथ्वीवरून गेला तो त्याच्याच आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने; उपकार मानलेच पाहिजेत. पण युद्धाचा प्रश्न आला की तो सुरक्षा परिषदेपुढे जातो. तिथे पाच राष्ट्रे कायमची बसली आहेत आणि त्यांतल्या एकाने जरी 'नाही' म्हटले तरी ठराव बुडाला.

आता आपल्याच मुलखाचे घ्या. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने हिंदुस्थानविरुद्धचे गाऱ्हाणे याच परिषदेकडे नेले. १६ सप्टेंबरला ते पॅरिसला ऐकायला घेतले, आणि दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली. तिथे निजामाचे वकील बोलले, हिंदुस्थानचे बोलले. रझाकारांच्या भयाने गाव सोडलेल्या कुणब्याला कोणी विचारले काय? आणि पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात किती निरपराध मुसलमान मारले गेले, त्यांना तरी कोणी विचारले? चौकशीला पंडित सुंदरलाल यांची समिती आली, तिचा अहवालही वर्षानुवर्षे दडून राहिला. हे बोलणे कडू आहे, पण वारकऱ्याने एकाच बाजूचे अश्रू मोजू नयेत. राज्य बदलले, मने होती तिथेच राहिली.

म्हणून पसायदानातला क्रम पाहा. आपण ते रोज म्हणतो, क्रमाकडे लक्ष देत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंत दुष्टांच्या नाशासाठी अवतार घेतो असे सांगतात. त्याच गीतेवर शके १२१२ मध्ये टीका पुरी करून माउली शेवटी काय मागतात? दुष्टांचा नाश नव्हे. त्यांच्यातला दुष्टपणा जावो. मग सत्कर्माची गोडी, मग जीवाजीवांत मैत्री. ज्याला जे हवे ते मिळो, हे त्यानंतर. आमचा तरुण शेवटून सुरुवात करीत होता.

विनोबांनी हे ओळखले होते. १९५७ साली कर्नाटकातल्या पदयात्रेत त्यांनी 'जय जगत्' चा घोष सुरू केला. जगाचा जयजयकार करणारा हा माणूस फिरत मात्र होता खेड्याखेड्यांतून, भूमिहीनासाठी जमीन मागत. पुढल्याच वर्षी पंढरपुरास सर्वोदय संमेलन भरले, तेव्हा परधर्मीय सोबत्यांना घेऊन ते विठ्ठलाच्या दर्शनाला गेले. कित्येकांना रुचले नाही. मला विचाराल तर विश्वराज्याचा एक पाठ त्या दिवशी पांडुरंगासमोर झाला.

मग सरकार नकोच का? तसे मी म्हणत नाही. लाखो माणसे चालायची तर नियम लागतोच. दिंड्यांना क्रमांक आहेत, कोणती रथापुढे, कोणती मागे, हे ठरलेले आहे. पण आळंदीच्या पालखीत मुक्कामाला समाजआरती होते ती ज्यांनी पाहिली असेल त्यांनी आठवावी. सगळ्या दिंड्या जमतात, टाळमृदंगाचा कल्लोळ असतो. चोपदार दंड उंच करून 'हो' म्हणतात की सारे एकदम चिडीचूप. मात्र ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती गप्प होत नाही. ती टाळ वाजवीतच राहते. दिंडी लहान की मोठी, श्रीमंत की गरीब, हे कोणी पाहत नाही. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, वाट काढतात. तो टाळ थांबला म्हणजे मग हरवले-सापडले पुकारतात, आणि त्यानंतर माउलींची आरती होते.