कुत्र्याच्या पिल्लाचे शिक्षण



कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपण म्हणतो. शेपटाविषयी मला वाद घालावयाचा नाही. परंतु त्याच्या पायांना वळण लावता येते, हे मी थोडी फजिती होऊन शिकले आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या फोंड्याच्या घरी दोन महिन्यांचे एक गावठी पिल्लू आले. रंग तांबूस, म्हणून नाव तांबू. कोंकणीत कुत्र्याला आम्ही 'सुणें' म्हणतो; संस्कृतातील 'शुनक' शब्दाशी त्याचे नाते आहे. हे सुणें विलक्षण खादाड आणि उतावळे निघाले. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला की त्याची उडी उंबऱ्याच्या आत पडे. आणि सकाळी पोदेराचा भोंपू वाजला की सायकलवरील पावांच्या टोपलीमागे ते जीव खाऊन धावे.

तांबू चार महिन्यांचा असताना त्याने ओट्यावरचा बांगडा पळविला. मी त्याला नावाने हाक मारली. तो शेपूट हलवीत आला आणि मी त्याच्या पाठीत चपलेचे दोन रट्टे दिले. दुसऱ्या दिवशी भोंपू वाजताच तो फाटकातून निसटून थेट रस्त्यावर गेला. समोरून बस येत होती. मी जिवाच्या आकांताने हाक मारली. तो थांबला, त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो उलट रस्त्याच्या मध्याकडे सरकला. चालकाने करकचून बस थांबविली तेव्हा चाक आणि पिल्लू यांत हातभर अंतर उरले होते.

मी बी. ए. ला मानसशास्त्र शिकले होते. पावलॉव्ह हा रशियन शरीरशास्त्रज्ञ मला तोंडपाठ होता. त्याला 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेच्या संशोधनासाठी. कुत्र्यांच्या लाळेचा अभ्यास करताना त्याच्या ध्यानात आले की, अन्नापूर्वी ठराविक ध्वनी पुनःपुन्हा ऐकविला, तर पुढे नुसत्या ध्वनीनेही तोंडाला पाणी सुटते. आता माझ्या घरी काय घडले होते? 'तांबू' या ध्वनीमागोमाग चप्पल आली होती. बांगड्याची चोरी त्याच्या दृष्टीने केव्हाच संपलेली होती. त्याची शेवटची कृती म्हणजे माझ्याकडे येणे, आणि शिक्षा मिळाली ती त्या कृतीला. परीक्षेत ज्या प्रश्नाला मला उत्तम गुण मिळाले होते, तोच प्रश्न अंगणात मला सोडविता आला नाही.

म्हणून मी ती डागाळलेली हाक सोडून दिली आणि आपली जुनी 'यू यू' ही हाक घेतली. पहिला पाठ पडवीत. पिल्लू दोन पावलांवर असताना 'यू यू' म्हणावयाचे आणि ते वळताच तूरडाळीच्या दाण्याएवढा उकडलेल्या कोंबडीचा तुकडा द्यावयाचा. येथे क्रम फार महत्त्वाचा आहे: आधी हाक, मग खाऊ. तुकडा दाखवून हाक मारली, तर पिल्लू तुकड्याला ओळखते, हाकेला नाही. हात रिकामा दिसला की ते पाठ फिरवते. पुढे मी पडवीच्या एका टोकाला आणि माझी भाची दुसऱ्या टोकाला बसून आळीपाळीने हाका मारू लागलो. तीन-चार मिनिटे झाली की पाठ बंद. तेही पिल्लू कंटाळण्यापूर्वी! (हे शेवटचे तत्त्व वर्गात पाळणे किती कठीण आहे, ते तुम्हांला ठाऊकच आहे.)

मग अंगण. तेथे छातीवरून जाणाऱ्या पट्ट्याला दहा मीटर लांब दोरी बांधली, म्हणजे हाक वाया जाण्याची भीती नाही. गळ्याला फास बसेल अशी साखळी मात्र कधीही वापरू नये. पिल्लाचा गळा नाजूक असतो. शिवाय दोन गोष्टी मी उशिरा शिकले. पहिली, पिल्लू पळाले तर त्याच्या मागे धावू नये. त्याला तो पाठशिवणीचा खेळ वाटतो. आपण उलट दिशेने पळावे, मग तेच मागे येते. दुसरी, पिल्लू आल्यावर दर वेळी त्याला घरात कोंडू नये. पट्टा धरावा, खाऊ द्यावा आणि पुन्हा खेळावयास सोडावे. एरवी हाक म्हणजे खेळाचा शेवट, असा अर्थ ते लावते.

दोरीने चालविणे मला याहून जड गेले. पिल्लू ओढते आणि आपण त्याच्यामागे फरफटत जातो; ज्या वासाकडे ते ओढत होते तेथे ते पोहोचते. म्हणजे ओढण्याचे बक्षीस आपणच त्याला देतो. थॉर्नडाइक या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1898 साली मांजरांना खोक्यात कोंडून दाखविले की, ज्या कृतीने सुटका आणि अन्न मिळते ती कृती प्राणी अधिकाधिक लवकर करू लागतो. तेव्हा उपाय सोपा, पण चिकाटीचा: दोरी ताणली की जागच्या जागी उभे राहावयाचे, ढिली झाली की लगेच चालू लागावयाचे. आमच्या उंबऱ्यापासून फाटक वीस पावलांवर आहे. पहिल्या दिवशी ते गाठावयास पंधरा मिनिटे लागली. शेजारच्या आजी ओसरीवरून विचारीत होत्या, "बाई, काय हरवलंय का?" खाऊ द्यावयाचा तो पुढे हात करून नव्हे, तर आपल्या पायाशी, म्हणजे पायाशी राहण्यातच फायदा आहे हे त्याला कळते. अधूनमधून झाडाचे बूड मनसोक्त हुंगू द्यावे. कुत्र्याला तोही खाऊच.

खादाडपणाबद्दल पिल्लाला दोष देऊ नये. लॅब्रॅडोर जातीच्या सुमारे चतुर्थांश कुत्र्यांत भुकेशी निगडित असलेल्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, असे 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखविले. आमच्या गावठी तांबूचे कारण मी सांगू शकत नाही. पण खादाड विद्यार्थी शिकविण्यास सोपा, एवढे खरे. मात्र शिकवणीचा खाऊ रोजच्या जेवणातून वजा करावा. चॉकलेट, द्राक्षे, मनुका आणि कांदा कुत्र्याला विषारी आहेत, तर शिजविलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर पशुवैद्याकडून टोचून घ्यावी. खेळतानाही कोणत्याही कुत्र्याचा दात लागला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हे घरात लपवू नका.

परवा सकाळी मी फाटक उघडत असताना भोंपू वाजला. तांबूचे कान टवकारले, तो तीन पावले धावला. मी 'यू यू' म्हटले. क्षणभर त्याने सायकलीकडे पाहिले, मग वळला आणि माझ्या पायाशी येऊन बसला. मी त्याला एकदम चार तुकडे दिले. हे सारे पाहून पोदेर इतका खूश झाला की, त्याने टोपलीतून पावाचा मोठा तुकडा मोडून तांबूकडे फेकला. काल भोंपू ऐकताच तांबू पुन्हा सायकलीमागे निघाला, तेव्हा दहा मीटरची दोरी मी पुन्हा बाहेर काढली आहे. पोदेरालाही एक पाठ द्यावा लागेल असे दिसते.